रविवारचं पिवळं फूल

जांबे गावात लीलाबाईंच्या माडीवर भाड्यानं राहणारा कौस्तुभ हिंजवडीत कामाला होता, पण त्याचा सगळा जीव लिंबाएवढ्या एका गोल कॅक्टसवर. काय कौतुक त्या काटेरी गोळ्याचं! पाणी चमच्यानं, ऊन बघून कुंडी फिरवायची, आणि वर ऑफिसात भाषण, "फूल यायला संयम लागतो. येरागबाळ्याचं काम नाही ते." लोकांचे कान किटले, याचं तोंड काही दुखेना. ही सगळी बडबड शेजारच्या टेबलावरच्या जुईलीसाठी आहे, हे तिच्यासकट सगळ्यांना ठाऊक होतं.

एका शनिवारी कळी टरारली. कौस्तुभनं लगेच जुईलीला बोलावलं. उद्या फूल दाखवायचं आणि तिथल्या तिथं लग्नाचं विचारून टाकायचं, असा बेत होता.

रविवारी उन्हात कठड्यावर ठेवलेल्या कुंडीत फूल उमललं, आणि हा पठ्ठ्या फरसाण आणायला गेला. येऊन बघतो तर कॅक्टस बोडका!

"मावशी, माझं फूल कुठंय?"

"खंडोबाला वाहिलं की!" लीलाबाई खालून म्हणाल्या. "आज रविवार हाय. देवाला पिवळं फूल नगं व्हय? लई काटं टोचलं बघ."

देवासाठी कुणाच्याही दारचं फूल तोडावं, त्यात विचारायचं ते काय, असा त्यांचा रोकडा हिशेब. कौस्तुभ मात्र कपाळाला हात लावून बसला. मग लीलाबाई गोठ्यात गेल्याबरोबर एवढा शिकलासवरलेला गडी देव्हाऱ्यात घुसला, फूल उचललं आणि डिंक लावून कॅक्टसच्या टाळक्यावर बसवलं. शाबास रे बहाद्दरा!

जुईली आली. "अय्या, किती गोड!" म्हणत तिनं हात लावला, तसं फूल डिंकाच्या तारेसकट तिच्या बोटालाच चिकटलं. पाकळ्यांवर भंडारा होता.

तेवढ्यात खालून लीलाबाईंची हाक आली, "अगं बया! देवाचं फूल कुनी नेलं?"

"तू देव्हाऱ्यातून चोरलंस?" जुईलीनं विचारलं.

"माझंच होतं गं ते! मावशींनी तोडलं."

"मग तसं सांगायचं. पोट धरून हसलो असतो दोघं."

"अगं, मला आज तुला काहीतरी विचारायचं होतं..."

"माहितेय. हो म्हणायलाच आले होते मी," जुईली बोट पुसत म्हणाली. "आता नको विचारूस."

ती जिना उतरली आणि लीलाबाईंकडे चहाला बसली.