पाट्याचे बुश

गिऱ्हाईक स्वतःच स्पेअर पार्ट घेऊन आलं की माझं डोकं फिरतं. मलकापुरात हायवेला माझं गॅरेज आहे. गाडीच्या खालच्या कामासाठी पार पाटणपासून लोक गाड्या घेऊन येतात, आणि त्यातलाच एखादा पुण्याहून पार्टचा डबा आणून मला शहाणपण शिकवतो, ‘नाथाजी मिस्त्री, हेच बसवा.’ अरे, मग मला कशाला विचारतोस?

सत्त्याण्णवच्या मार्चात साईराज असाच डबा घेऊन आला. फौजेत कॅप्टन, वीस दिवसांची रजा, जिप्सीवर जीव. डब्यात रॅलीवाले घालतात तसले कडक रबराचे बुश होते. गाडीचा भार झेलणारा स्प्रिंगचा पाटा जिथं चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, बोल्टनं जोडतात तिथं हे रबराचे बुश बसतात. ते नरम असले की गाडी खड्ड्यात हळू बसते, कडक असले की वळणावर झुलत नाही. त्याला घाटात झुलणारी गाडी नको होती.

सोबत त्याचे वडील लालासाहेब होते. पंचाहत्तरीचे, पांढरं धोतर, ताठ कणा. ते बाहेर बाकावर बसले. गाडी वर्षभर त्यांच्याच ताब्यात असायची. बैल विकले आणि जमीन धाकट्या मुलानं ट्रॅक्टरनं करायला घेतली, तेव्हापासून म्हाताऱ्याच्या हाताला काम म्हणून ही एक जिप्सीच उरली होती. गोठ्यातच लावून घ्यायचे, रोज पुसायचे. गाडी चालवता येत नव्हती, तरी शेजाऱ्याच्या पोरांना हात लावू देत नसत.

मी पाटे उतरवले आणि बघतच राहिलो. चौदा महिन्यांपूर्वी मीच घातलेले बुश पाण्यात भिजत टाकलेल्या खारकांसारखे फुगले होते. बोट लावलं तर काळा चिकटा बोटाला आला.

“आवं मिस्त्री, चौदा म्हयन्यात ही दशा?” साईराजचा पारा चढला. “माल खोटा व्हता का काय?”

“माल चांगला हुता,” मी म्हणालो. माझाही पारा काही खाली नव्हता.

“मग कुणीतरी वाट लावलीय. कुणीबी असू दे, त्याच्या ताब्यात गाडी पुन्यांदा ठेवणार न्हाई. ह्या खेपेला रेल्वेत घालून युनिटला घिऊन जातो.”

मी बुश नाकाशी नेला. वास ओळखीचा होता. ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं, जळकं ऑईल. पाट्याच्या कानात, म्हणजे बुश बसतो त्या भोकात, कोंबडीचं एक पीसही चिकटलं होतं. मग मला सगळं कळलं.

चहाचं निमित्त करून मी बाहेर गेलो. “आबा, गाडी करकरत हुती काय?”

“लय करकरायची,” म्हातारा खुशीत आला. “म्या बंद केली की. दर आयतवारी पिसानं वंगण सोडतुया. बैलगाडीच्या आसाला चाळीस वर्सं घातलंय, मला काय शिकवायला पायजे व्हय? आता बघा, आवाज हाय का?”

आवाज नव्हताच. तेलानं रबर कुजतं, हे त्यांना कोण सांगणार? आयुष्यभर ज्या हातानं चाक हलकं केलं, त्याच हातानं गाडीची वाट लागली होती. आणि हे पोराला कळलं तर गाडी रेल्वेत जाणार होती. मी चहा तसाच ठेवून आत आलो.

“रस्ता खराब हाय,” मी साईराजला सांगितलं. “त्यानं गेले बुश.”

“रस्ता?” तो माझ्याकडं रोखून बघत म्हणाला. “धाकटा म्हयन्यातनं एकदा गाडी बाजारला नेतो. रस्त्यानं रबर फुगतंय व्हय?”

“उन्हानं पण फुगतंय कधी कधी.” तीस वर्षांत इतकं बावळट बोललो नव्हतो. तोंड मात्र गंभीर ठेवलं.

तेवढ्यात लालासाहेब दारात उभे दिसले. कधी आले कळलंच नाही. त्यांनी माझ्या कामाच्या बाकड्यावरचा एक बुश उचलला, अंगठ्यानं दाबला, वास घेतला.

“मिस्त्री, माझ्यापायी खोटं बोलू नगा,” ते म्हणाले. “साई, ह्ये आपल्या ट्रॅक्टरचं त्याल हाय. म्याच घातलं दर आठवड्याला. मला वाटलं, चांगलंच करतुया.” मग बुश जागच्या जागी ठेवून त्यांनी धोतराला हात पुसले. “गाडी तू घिऊन जा. माझ्यापाशी ठिवू नगंस.”

साईराजच्या नाकावर राग असतो हे मला माहीत होतं. आता तो बापावर तोंड सोडणार, या भीतीनं मी उगाच पाना शोधायला खाली वाकलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या पोराचा मनापासून राग आला होता, त्यानं अजून काही केलेलं नसतानाही.

कुजलेला बुश त्यानं हातात फिरवला, बापाच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघितलं. म्हातारा परत बाकावर जाऊन बसला होता आणि हातांचं काय करावं ते न कळून दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. साईराजनं पुण्याचे ते कडक बुश एकेक करून डब्यात भरले आणि झाकण लावलं.

“मिस्त्री,” तो हळू आवाजात म्हणाला, “वंगण लागणारा बुश मिळतो का कुठं?”

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा पाना हातातच राहिला.

“मिळत न्हाई. सांगलीला लेथवर करून घ्यावा लागंल,” मी म्हणालो. “नायलॉनचा. मधी ग्रीस भरायला नळी आन् निपल. पर साहेब, तुमच्या ह्या रबरापरास कडक. हाडं खिळखिळी हुतील, आन् ग्रीस न्हाई भरलं तर आठ दिवसांत कोकलंल.”

“वळणावर झुलंल?”

“आजिबात न्हाई.”

“मग तसलंच करा. मी वर्सातनं वीस दिवस बसतो, हाडांचं बघून घीन.” मग तो बाहेर बापापाशी गेला आणि उकिडवा बसला. “आबा, मिस्त्री नवं बुश घालत्यात. त्यास्नी ग्रीस लागतंय. कुणाला तरी बघाय पायजे. मी तर न्हाई इथं.”

लालासाहेबांनी आधी पोराकडं बघितलं, मग माझ्याकडं. फसवतोय का, ते बघत असावेत. “खरंच लागतंय?”

“लागतंय आबा,” मी म्हणालो. “ग्रीसचा डबा माझ्याकडनं न्या. ट्रॅक्टरचं त्याल तेवढं नगं.”

“किती दिसांनी घालायचं?”

खरं तर महिन्यातून एकदा पुरेसं होतं. मी तोंड उघडलं, तर साईराज खाली बसल्या बसल्या माझ्याकडं बघत होता. कॅप्टनसाहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला हुकूम सोडला नाही, नुसतं डोळ्यांनी मागितलं.

“दर आठवड्याला,” मी म्हणालो आणि लगेच गाडीखाली शिरलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि बाहेर दोन गिऱ्हाइकं बसली होती.