पलंगाखालची जागा

"दांडा आडवा धर. आता दाब. स्प्रिंग आत गेली की सोड. बसला ना? आता कसल्याही रस्त्याने ने, बरणी जागची हलणार नाही."

ब्रॉनविनने फ्रिजचं दार दोनदा उघडून लावून पाहिलं. ती आदल्या दिवशीच या कॅरॅव्हान पार्कात, म्हणजे घरगाड्यांच्या तळावर, मुक्कामाला आली होती, आणि येताना कच्च्या रस्त्यावर बिटाची बरणी फुटून तिच्या गाडीत खून पडल्यासारखं झालं होतं. शेजारच्या क्लेम हॅड्रिकला विचार, असं तिला तिघांनी सांगितलं होतं.

"हा तर न्हाणीघरातल्या पडद्याचा दांडा!"

"तोच. मोटरहोमसाठी खास म्हणून विकतात ना, तो घेऊ नकोस. तोच दांडा असतो, फक्त पाकीट वेगळं."

मासळीच्या कारखान्यांतली शीतगृहं दुरुस्त करण्यात क्लेमची चाळीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने, नोलीनने, व्हायॅला गावातलं घर विकून मोटरहोम घेतली, आणि साडेसात मीटर लांबीच्या त्या गाडीत क्लेमचे हात मोकाट सुटले. बाटल्यांना जुने मोजे, ताटांमध्ये जाड लोकरी कापडाचे तुकडे, सुऱ्यांसाठी भिंतीला लोहचुंबकाची पट्टी, मासेमारीच्या काठ्यांसाठी टपावर सांडपाण्याचा पाईप. दारामागे बुटांची कप्प्याकप्प्यांची पिशवी टांगलेली, आणि तिच्यात बूट सोडून सगळं. "जरा स्वस्थ बसले तर हा मलाही कुठेतरी आकड्याला अडकवून ठेवील," असं नोलीन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

दोन वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. पोटात नळी बसवली. दिवसातून चारदा पिशवीतलं औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी ते काढून टाकायचं, नवं भरायचं. रक्त तेवढ्यावर साफ होत होतं. घरच्या घरी जमण्यासारखं होतं. पण दोन आठवड्यांच्या पिशव्याच छप्पन्न, वजन सव्वाशे किलो.

"विकून टाकू गाडी," नोलीन म्हणाली होती.

क्लेम रुग्णालयाच्या व्हरांड्यात गुडघे टेकून खोक्यांची मापं घेत होता. आठ दिवसांत त्याने पलंगाखालचे खण उचकटले आणि सगळी खोकी तिथे बसवली. वजन जमेना, तेव्हा जनरेटर गेला, शेगडी गेली, शेवटी टेबलाला बसवायची जड पोलादी पकड आणि हत्यारांची मोठी पेटी भावाकडे गेली. पलंगाच्या वर पिशवी टांगायला त्याने आकडा बसवला. पुढच्या मुक्कामी रुग्णालयाने पाठवलेली खोकी आधीच येऊन पडत. अशी दोन वर्षं ती दोघं हिंडली, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला ब्रूमपर्यंत जाऊन आली.

"क्लेम," गाडीतून नोलीनची हाक आली.

ती कधी ओरडत नसे. आताही ओरडली नव्हती, पण क्लेमने हातातला दुसरा दांडा ब्रॉनविनच्या ओट्यावर ठेवला आणि तो निघाला.

नोलीन पलंगावर बसली होती. पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी तिने वर्तमानपत्रावर ठेवली होती. पाणी स्वच्छ असेल तर खालची अक्षरं वाचता येतात. तशी ती रोज पाहायची.

"वाच," ती म्हणाली.

क्लेमने चष्मा लावला. पिशवीतून तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं काहीतरी दिसत होतं. खालचा मथळासुद्धा दिसत नव्हता.

"दुखतंय?"

"सकाळपासून. वाटलं, काल रात्रीचं खाणं बाधलं." मग ती म्हणाली, "त्या बाईचा फ्रिज झाला का?"

त्याने गाडीला जोडलेली पाण्याची नळी, विजेची तार सगळं सोडवलं आणि घरासकट तीन तास गाडी हाकली. मागे पलंगावर नोलीन दर वळणाला कण्हत होती. गाडीत एक भांडं वाजलं नाही.

रुग्णालयात सहा दिवस प्रतिजैविकं दिली. पाणी गढूळच राहिलं. सातव्या दिवशी नळी काढावी लागली. डॉक्टरीणबाई त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, तेव्हाच क्लेमला कळलं. आता पोटातून जमणार नाही. यंत्रावर रक्त साफ करायचं, आठवड्यातून तीनदा, पाच-पाच तास, इथेच.

"इथेच म्हणजे किती दिवस?" क्लेमने विचारलं.

"यापुढे कायमच, मिस्टर हॅड्रिक."

नोलीनला झोप लागल्यावर तो व्हरांड्यात मेले नावाच्या नर्सला गाठून उभा राहिला. ही टोंगा बेटांवरची धिप्पाड बाई नोलीनला पहिल्या दिवसापासून सांभाळत होती.

"मला एक विचारायचं होतं. पिशवी बदलताना खिडक्या बंद ठेवायला सांगितलंय ना तुम्ही. पण आत फार उकडायचं तिला. घामाने भिजून जायची. म्हणून मी तीन आठवड्यांपूर्वी उशाच्या वर छतात झरोका कापला. जाळी लावली, वर झाकण. बदलताना झाकण लावायचो. पण धूळ..."

"झाकण लावायचात ना?"

"दरवेळी. पण घट्ट नव्हतं ते. रबर मिळालं नव्हतं मला."

मेलेने हातातली फाईल खाली घेतली. "क्लेम, हे हातावाटे होतं, नळीवाटे होतं, आतड्यातून होतं. कशातून झालं ते पुष्कळदा कळतच नाही."

"झरोक्यातून होऊ शकतं?"

"‘होऊच शकत नाही’ असं मी तुम्हाला म्हणू शकत नाही."

"मग आता मी काय करू?"

"तिच्यापाशी बसा."

"ते बसतोच. त्याशिवाय?"

मेलेने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि काही वेळ तसाच राहू दिला.

रुग्णालयापासून दहा मिनिटांवरच्या पार्कात त्याने कायमची जागा घेतली. नोलीन येण्याआधी झरोक्यावर पत्रा मारून सगळीकडून लेप भरला. उरलेली खोकी परत पाठवली.

ती आली, पलंगावर आडवी झाली आणि वर बघत राहिली.

"हे का बंद केलंस?"

"पावसाचं पाणी आत येत होतं."

या भागात चार महिने पाऊस पडला नव्हता.

"उघड ते," ती म्हणाली. "मला उकडतंय. आणि पुन्हा असलं काही मला सांगू नकोस."

लेप खरवडायला त्याला सगळी दुपार लागली. पत्रा निघाल्यावर तो खाली उतरला आणि पलंगाची फळी उचलून आत बघत बसला. रिकामी जागा, दीड मीटर बाय दोन.

"काय ठेवायचं इथे?"

"तुझी हत्यारं आण परत."

"हो," क्लेम म्हणाला. पण भावाला फोन त्याने त्या महिन्यात केला नाही आणि पुढच्याही नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार ती दोघं रुग्णालयात जायची, बसने. नोलीन आरामखुर्चीत पडून असायची, क्लेम शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत. यंत्र नीट चालायचं. मंगळवारी आणि गुरुवारी ती झोपून काढायची. पार्कातले लोक क्लेमला काही विचारायला यायचे, तो नीट उत्तरं द्यायचा, पण उठून कुणाच्या गाडीत जायचा नाही.

ऑक्टोबरात एका मंगळवारी पार्कातली देखरेखवाली बाई गवत कापायचं यंत्र घेऊन दारात आली.

"तुमच्या गाडीखाली रान माजलंय हो. जरा पुढे घेता का? पाच मिनिटं."

क्लेमने पाण्याची नळी काढली, तार काढली, पायरी आत घेतली. पहिल्या किल्लीला इंजिन घरघरलं, दुसरीला सुरू झालं. सगळी गाडी थरथरली.

"क्लेम?" मागून नोलीनचा आवाज आला. झोपेतला, पण हलका, कित्येक महिन्यांत न ऐकलेला. "निघालो का रे आपण?"

त्याचे हात स्टिअरिंगवर होते.

"नाही गं. गवत कापायचंय."

त्याने गाडी एक लांबीभर पुढे घेतली आणि इंजिन बंद करून बसून राहिला. बाई गवत कापत इकडून तिकडे गेली, पुन्हा आली. मग तिने हात केला. क्लेमने आरशात बघत गाडी मागे घेतली, हळूहळू, आणि मातीत जिथे चाकांचे चार फिकट ठसे पडले होते, बरोबर त्यांवर उभी केली.