ताऱ्याशेजारचा दिवा

मी एक दिवा आहे, वेधशाळेतला. घुमटाखाली, दुर्बिणीच्या अंगाला मला बसवलंय. माझं काम ऐकाल तर तुम्हीही चक्रावाल.

दुर्बिणीत एका बाजूला खरा तारा दिसतो, दुसऱ्या बाजूला बारीक छिद्रातून मी. इथल्या बाई डोळा लावून आम्हा दोघांची तुलना करतात. तारा मुळात किती तेजस्वी आहे, हे म्हणे त्याच्या रंगावरून कळतं. दिसतो किती, ते माझ्याशी ताडून बघायचं. जेवढा मंद, तेवढा लांब. मी जागचा हललेलो नाही आणि माझ्यावरून ताऱ्यांची अंतरं काढतात! डोकं असतं तर धरून बसलो असतो.

मला इथं आणलं बाईंच्या वडिलांनी. वर पाटी लावली, 'दिव्याला कोणीही हात लावू नये.' ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी बाई आल्या. त्यांनी ती पाटी तंतोतंत पाळली.

मग वडिलांच्या एका लाडक्या ताऱ्याचं अंतर बाईंनी नव्यानं मोजलं. तो बराच जवळ निघाला.

"बाबा, तुमचं चुकलं."

"तुझं चुकलंय."

झालं! बाप-लेकीचा अबोला सुरू. तारा बिचारा वर आपल्या जागी, आणि इथं खाली दोन तोंडं दोन दिशांना. माझ्या काही पचनी पडेना.

परवा दुपारी समेट घडवायला बाईंची आई आली. बाई खालच्या खोलीत होत्या. आईनं मला पाहिलं.

"अगंबाई, केवढी ही धूळ!" म्हणत रुमालानं मला लख्ख पुसलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाई धावत आल्या. "आई! पाटी वाचली नाहीस?"

"वाचली की. हात कुठं लावला? रुमाल लावला."

अंधार पडल्यावर बाईंनी पुन्हा मोजलं. तारा लांब गेला, थेट वडिलांच्या आकड्यावर जाऊन बसला. मी घाबरलो. मी तर काहीच केलं नव्हतं.

"धूळ," बाई पुटपुटल्या. "दिवाच मंद झाला होता, म्हणून तारा उजळ वाटला. उजळ, म्हणून जवळ."

इतकी मेहनत पाण्यात गेली. आता रडतील असं वाटलं. त्यांनी फोन लावला.

"बाबा, तुमचाच आकडा बरोबर होता."

पलीकडून खरखरीत आवाज आला, "जेवलीस का?"

बाईंनी फोन कानाशी घट्ट धरला. डोळे भरलेले, आणि चेहऱ्यावर हसू.

हरल्यावर माणसं अशी हसतात? इतक्या दूरच्या ताऱ्याचा जेवणाशी काय संबंध? कुणाला समजलं असेल तर मलाही सांगा. आणि येता-जाता जमलं तर मला पुसत जा.