सूर्यभानबुवांचे लोकरी श्रोते

या, असे जवळ सरकून बसा. पांडुरंगाला स्मरून सूर्यभानबुवांची एक गंमत सांगतो.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला दोन वर्षं झाली होती. गंगापूरकडचे सूर्यभानबुवा वीणा घेऊन कन्नडच्या जंगलाकडेच्या वाड्यावस्त्या फिरत होते. गळा गोड, पण निरूपण लांबायचं. आख्यान संपेस्तोवर समोर कुणी उरायचं नाही. निदान एका ठिकाणी तरी आरतीपर्यंत माणसं बसू देत, नाहीतर वीणा कायमची खुंटीला, असं त्यांनी देवाला सांगून टाकलं होतं.

एका संध्याकाळी धनगरवस्तीवर आख्यानातलं लेकरू रानात हरवलं आणि नेमकी तेव्हाच बानाबाईची मेंढी व्याली. बानाबाई उठली, तिच्यामागं अख्खी वस्ती उठली. लेकरू रानातच राहिलं. सकाळी बुवा कुडकुडताना दिसले, तर बाईनं अंगावरची घोंगडी काढून त्यांना दिली. नवरा सोनाजी गेल्यापासून त्याची ही घोंगडी पांघरूनच ती मेंढरं वळायची.

बुवा जंगलातून निघाले, तर मागं पाचोळा वाजायला लागला. बिबट्या समजून त्यांनी मोठ्यानं नामघोष धरला. शेवटी धीर करून वळून बघितलं, तर वीस मेंढरं माना वर करून उभी. बुवांचा ऊर भरून आला. माणसांना कळलं नाही ते या मुक्या जिवांना कळलं, म्हणाले.

पुढच्या वाडीत हा मेळा बघायला झाडून सगळे जमले. मारुतीच्या पारावरच कीर्तन लागलं. पुढं मेंढरं, मागं माणसं. बुवा रंगात आले, तोच बानाबाई धापा टाकत पोचली.

"बुवा, घोंगडी द्या माझी. मेंढरं तुमच्यामागं नाय, तिच्यामागं आलीत."

पारावर हशा पिकला. बुवांनी घोंगडी काढून दिली. बाई ती पांघरून वळली आणि पुढची रांग उठून चालू लागली. मागचेही धोतरं झटकू लागले. बुवांचा हात वीणा उतरवायला गेला.

दहा पावलांवर बानाबाई थबकली. परत आली आणि थेट पुढ्यात मांडी घालून बसली. मेंढरंही भोवती टेकली. मग उठलेल्या माणसांनाच लाज वाटली.

"ह्या मेंढरांला घोंगडी पायजे," ती म्हणाली, "मला ते लेकरू पायजे. कालपासून घास गिळंना. घावलं का ते, तेवढं सांगा."

बुवांनी डोळे पुसले आणि लेकराला शोधायला निघाले. ते सापडेपर्यंत कुणी हललं नाही. आरतीला बानाबाई उभी राहिली, म्हणून मेंढरंसुद्धा उभी राहिली.

तेव्हा बाबांनो, कीर्तन संपायच्या आत कधी उठावंसं वाटलंच, तर त्या बानाबाईची तेवढी आठवण काढा.