उभ्या अक्षावरचे आकडे

बायको वैदेही गेल्याचा फोन आला तेव्हा नंदकुमार कळंबोलीच्या लोखंड बाजारात काट्यावर उभ्या असलेल्या ट्रकचं वजन लिहून घेत होता. फोन तिच्याच मोबाइलवरून होता, पण बोलत होता तिच्या ऑफिसातला प्रसाद. ती टेबलावरच कोसळली होती. तिच्या मोबाइलचं लॉक याने कसं उघडलं, हा प्रश्न त्याच दिवशी मनात आला आणि तिथेच बसला.

महिन्याने तिच्या लॅपटॉपवर त्याला एक आलेख सापडला. फाइलचं नाव ‘घर’. आडव्या अक्षावर दिवाळीपासूनच्या तारखा. उभ्या अक्षावर खालून वर 54, 56, 58, 5A, 5C, 5E, 60, 62. रोजचा एक ठिपका, खाली खाली येत गेलेला. बारावीतल्या मुलीला, मंजुषाला, त्याने तो दाखवला नाही. लॅपटॉप पिशवीत घालून तो द्रोणागिरीच्या कंटेनर यार्डात, तिच्या ऑफिसात गेला.

प्रसादने खुर्ची पुढे केली. नंदकुमार उभाच राहिला.

“तिचा फोन कसा उघडलास त्या दिवशी?”

“तिचंच बोट लावून, दादा.”

नंदकुमारने लॅपटॉप उघडला. मग त्याने आलेख समोर ठेवला. “आणि हे तुमच्या दोघांतलं काय?”

“दोघांतलं? अहो, हे हेक्स. गार कंटेनरची मशिनं असेच आकडे पाठवतात. नऊनंतर दहाला A, अकराला B, असं पंधरापर्यंत. सोळा झाले की 10. दिवसभर तेच बघतो आम्ही.”

“आमच्या घरात कंटेनर नाही.”

प्रसाद स्क्रीनजवळ वाकला. “सॉफ्टवेअर आपणहून साधेच आकडे दाखवतं. हेक्स हवं तर एक ओळ मुद्दाम लिहावी लागते. ती वैदेहीला मीच दिली.”

मॅडम नाही, वैदेही. नंदकुमारने ते ऐकलं.

“का दिलीस?”

“मागितली म्हणून. मी हसलो पण. म्हटलं, लोक हेक्सचं साधं करून मागतात, तुझं उलटंच. तर म्हणाली, घरी कोणाला वाचता यायला नको.”

“कोणाला?”

प्रसादने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. त्याने ती ओळ काढून टाकली. अक्षावर 84 ते 98 असे आकडे आले.

करोनात बोटाला चिमटा लावून हेच आकडे दोघांनीही आपापल्या घरी वाचले होते. ऑक्सिजन. दिवाळीतला ठिपका 96 वर होता. शेवटचा 85 वर.

“दम लागायचा तिला,” नंदकुमार म्हणाला. “यार्डातली धूळ, म्हणायची.”

“आम्हाला म्हणायची, जिना चढून आले.”

काढलेल्या ओळीखाली तिने स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती. प्रसादने ती मोठ्याने वाचली नाही, स्क्रीन फक्त नंदकुमारकडे वळवली.

‘१८ मार्च. मंजूचे पेपर संपतात. मग डॉक्टर.’

अठरा मार्च होऊन गेला. पेपर बरे गेले. आईला आधी काहीच त्रास नव्हता ना, असं मंजुषाने दोनदा विचारलं. नंदकुमारने अजून उत्तर दिलेलं नाही.