बोचकेबाबाची खिडकी

लसीकरणाच्या खोलीत तिचा एकच नियम होता, मुलांशी खोटं बोलायचं नाही. "अजिबात दुखणार नाही हं" असं म्हणून सुई टोचली, की ते मूल पुढच्या वेळी दवाखान्याच्या फाटकापासूनच भोकाड पसरतं, हे तिने इतक्या वर्षांत पुरेपूर पाहिलं होतं. ती सरळ सांगायची, "दुखेल. मुंगी चावते त्याहून जास्त. पण पटकन संपेल." मुलं रडायची, पण हात पुढे करायची. सगळे तिला सिस्टर म्हणत, अगदी शेजारीपाजारीसुद्धा.

घरी मात्र या नियमाचे बारा वाजले होते. घरी बोचकेबाबा होता.

वर्षअखेरच्या सुट्टीच्या पहिल्या दिवशी तो पहाटे कधीतरी खिडकीतून यायचा आणि चपलांजवळ काहीतरी ठेवून जायचा. मूळचा तो सासूबाईंचा. त्यांनी तो आपल्या मुलासाठी काढला, आणि त्या मुलाने बाप झाल्यावर जसाच्या तसा लेकीला दिला. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अडकलेल्या लोकांची बोलणी खाऊन घरी आला, की भिंगरीला शेजारी बसवून बोचकेबाबाच्या गप्पा मारताना त्याची कळी खुलायची. एका जागी कधी टिकत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं, पण या गप्पांना ती टिकायची.

"तो दारातून का नाही येत?"

"दारातून बोचकं मावत नाही."

"मग खिडकीतून कसं मावतं?"

"आधी एकेक वस्तू आत टाकतो. मग रिकामं बोचकं. मग स्वतः."

माणूस पूर्ण तयारीत असायचा.

"सात वर्षांची झाली ती," सिस्टर त्याला म्हणायची. "अजून किती दिवस थापा मारणार आहेस?"

"थापा कसल्या? गोष्ट आहे ती."

"गोष्टीत आपण 'एक होता राजा' म्हणतो. तू पावडरीने पायाचे ठसे काढतोस."

"तुला ना, कशातच मजा दिसत नाही."

खरं तर मजा तिलाही दिसायची. त्या दिवशी लेकीचा चेहरा बघून तिचाही जीव सुपाएवढा व्हायचा.

त्या वर्षी खिडक्यांना डासांच्या जाळ्या बसवल्या. सुट्टी जवळ आली तशी भिंगरी त्या जाळीकडे बघत बसू लागली. एका रविवारी दुपारी सिस्टर न्हाऊन केस पुसत होती, नवरा आत पडला होता, आणि भिंगरीने खुर्चीवर स्टूल ठेवून जाळीची वरची कडी काढायला हात लावला. स्टूल सरकलं. हनुवटी खिडकीच्या कठड्यावर आपटली.

नवऱ्याने रक्त पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. सिस्टरने स्वच्छ रुमालाची घडी जखमेवर दाबून धरली, लेकीला उचललं आणि ओल्या केसांनिशीच शेजारच्या गल्लीतला आपला दवाखाना गाठला. नवरा मागून आला खरा, पण बाहेरच्या बाकावरच टेकला.

डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली. "टाके लागतील." त्या औषध भरू लागल्या.

भिंगरी टेबलावर पडून आईकडे बघत होती. "आई, दुखेल?"

"हो. आधी एक सुई, ती झोंबेल. मग तिथलं बधिर होईल. ओढल्यासारखं वाटेल, पण दुखणार नाही."

"खोटं नाही ना बोलत?"

"इथे कधीच नाही."

ते 'इथे' तिच्या तोंडून नकळत निसटलं, आणि भिंगरीने नेमकं तेच पकडलं. "मग इथे सांग. बोचकेबाबा खरा आहे?"

डॉक्टरीणबाईंचा सुई धरलेला हात थांबला. सिस्टरच्या मनात आलं, हो म्हणून टाकावं, पोर आधीच घाबरलीय. पण आत्ता हो म्हटलं, तर सुईबद्दल जे सांगितलं त्याचीही किंमत गेली.

"नाही," ती म्हणाली. "बोचकेबाबा म्हणजे बाबा. आणि थोडीशी मी."

भिंगरी रडली नाही. ती म्हणाली, "मग मी कडी कुणासाठी काढत होते?"

सिस्टरने लेकीच्या हातात आपला अंगठा दिला. भिंगरीने तो घट्ट धरला आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "टोचा."

घरी आल्यावर भिंगरी झोपली, आणि नवऱ्याला सगळं कळलं. "टाके घालतानाच सुचलं तुला?"

"तिने विचारलं."

"विचारलं म्हणून काय! नंतर बघू म्हणायचंस."

"पडली कशामुळे, ते तरी बघ."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग उठून त्याने जाळीची कडी तपासली, उगीचच दोनदा उघडबंद केली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या टेबलावर विषय काढला तो भिंगरीनेच. "बाबा, तुम्ही दोघं मला हसायचात का?"

त्याचा घास हातातच राहिला. "एकदा हसलो. बोचकेबाबाचे पाय गारठतील म्हणून तू तुझे मोजे ठेवले होतेस. इवलेसे. त्याच्या अंगठ्यातही गेले नसते."

"कुठे आहेत ते?"

"माझ्या हत्यारांच्या पेटीत. थट्टा नव्हती गं ती. बरं वाटलं म्हणून हसलो."

ती आईकडे वळली. "आणि आपला मासा? तू म्हणालीस, मोठ्या तळ्यात सोडला."

सिस्टरला ठसका लागला. मासा ती साफ विसरली होती. "तो... मेला होता, बाळा."

"मग?"

"गुलाबाच्या कुंडीत पुरला."

"म्हणजे घरी चालतं खोटं!"

नवऱ्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला, पण त्याचे खांदे हलत होते. "सिस्टर," तो म्हणाला, "दुखलं का?"

"हो," ती म्हणाली. "मुंगीपेक्षा जास्त." आणि तिलाही हसू फुटलं.

सुट्टीच्या पहिल्या दिवशी ठसे नव्हते. नवऱ्याने कपाटामागून एक लांबट पुडकं काढलं आणि ओशाळल्यासारखं लेकीपुढे धरलं. "घे. दुकानातून आणलाय."

छोटा तंबू होता. भिंगरीने तो उलटसुलट करून पाहिला. "कालपर्यंत तर घरात नव्हता. लपवला कुठे होतास?"

"लिफ्टच्या मशीनच्या खोलीत. आमचा मुकादम त्यावर बसून डबा खायचा, त्याला वाटलं गादी आहे."

"आणि मागच्या वर्षीची सायकल?"

त्याचे डोळे चमकले. खुर्ची पुढे ओढून तो सांगू लागला: जिन्यात सायकलची घंटी कशी वाजली, खालच्या मजल्यावरची काकू चोर समजून लाटणं घेऊन कशी धावली. भिंगरी हनुवटी सांभाळत हसत होती आणि त्याच्या आधीच्या वर्षाचं विचारत होती. सिस्टर चहा घेऊन शेजारी बसली. यातलं अर्धं तिलाही ठाऊक नव्हतं. काकूचं लाटणं तर त्याने चक्क पदरचं जोडलं होतं, कारण त्या दिवशी काकू गावालाच गेली होती.

"मग काकूने काय केलं?" सिस्टरनेच विचारलं.