मेचेची शीळ

खोटं बोलत असेन तर माझी जीभ इथंच गळून पडू दे, यातला शब्दन् शब्द खरा आहे!

देवळाच्या मुकादम फालेननं म्हाताऱ्या उयपानच्या हातातला बदकाच्या आकाराचा घडा हिसकावून घेतला. दारात उयपानची मेलेली बायको मेचे कापडात गुंडाळून ठेवलेली. घडा तिच्याच उशाशी पुरायचा होता.

"हे काय रे? बदक?"

"बदकच."

चाळीस वर्षं उयपान देवळाच्या कारखान्यात साच्यातून घुबडाच्या आकाराचे घडे काढत होता. सरदार मेला की घुबड त्याला पलीकडे नेतं, म्हणून सरदाराच्या थडग्यात घुबड. गरिबाला साधं मडकं. त्यानं आपलं आपण चालत जायचं. पण मेचेला दोन वर्षं दिसतच नव्हतं. पाण्याच्या पाटावर जायची तीसुद्धा बदकांच्या मागं, त्यांच्या आवाजाच्या अंदाजानं.

"बदक लढवय्याचं असतं," फालेन खेकसला. "तुझी बायको कुठं लढली?"

"चाळीस वर्षं माझ्याशीच की, मुकादम!"

माणसं हसली. फालेननं फोडायला घडा उचलला.

"फोडा. पण आधी एकदा पाणी तरी घालून बघा."

फालेनही कुंभाराचाच पोर. न तपासता घडा फोडणं त्याच्याच्यानं होईना. त्यानं पाणी ओतलं, घडा कलता केला. आतली हवा सरकली आणि बदकाच्या चोचीतून शीळ निघाली. फी... फीप! मधेच तुटणारी. बदकांना दाण्यासाठी बोलावताना पडलेल्या दातामुळं मेचेची तुटायची तश्शी. भाजण्याआधी उयपाननं ते भोक अकरा वेळा बुजवून पुन्हा पाडलं होतं.

मागच्या आवारातून सात बदकं पंख फडफडवत धावत आली, ती थेट फालेनच्या पायाशी. माना वर करून दाणे मागायला लागली.

 फालेन दोन्ही हातांनी घडा परत देत म्हणाला, "देवळात कुणी विचारलंच, तर मी साधं मडकं बघितलं."

उयपाननं घड्यात मक्याची दारू भरली. खड्ड्यात ठेवताना घडा एकदाच वाजला. मग वर वाळू ओढली.

बरं बाई, सात बदकं ही माझी थाप. सहा आदल्या दिवशीच मयताच्या जेवणात शिजली होती. आलं ते एकच, लंगडं. माणसं घरी गेली तरी ते त्या वाळूवर बसून राहिलं, कान देऊन.